शेणाचे राखणदार

आधीच सांगते, माझा स्वभाव तापट आहे. चौसाळ्याजवळच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली, आणि त्या सगळ्या वर्षांत पोरांवर जेवढी ओरडले त्याच्या निम्मी जरी चित्रं काढली असती तरी माझं नाव झालं असतं. ओरडायचं कारण एकच. कागद दिला की पोरं दोन डोंगर काढायची, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. अरे बाबा, आपल्या शिवारात नारळ कुठं बघितलास तू? पण काढायचाच. बरं, न बघितलेला नारळ चालतो, तर मग शिंगं असलेला मासा काढ की, असं म्हटलं की सगळा वर्ग माझ्याकडे टकमक बघायचा. बाईंचं डोकं फिरलं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

एकदा पाचवीची सहल कपिलधारला नेली होती. धबधब्यासमोर सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, काढा आता. पोरं हुशार, त्यांनी धबधब्याकडे पाठ करून देवळाचा कळस काढला, कारण कळस सोपा. एका पोरीनं मात्र धबधबा काढला आणि तोही उलटा. पाणी खालून वर चाललेलं, दगडाला धरून धरून.

"पाणी वर कावून चाललंय गं?" मी विचारलं. पोरांशी बोलताना माझी भाषा आपोआप त्यांच्यासारखी होते.

"घरी चाललंय, बाई," ती म्हणाली. "लई लांब आलतं."

ही पोरगी आमच्याच गल्लीतली, माझ्या घराच्या अगदी समोरची. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की मावळतीकडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जायचे, ते पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्यात परत यायचे. तोवर ही आजीजवळ. मी तिला पूर्ण मार्क दिले आणि त्यावरून मुख्याध्यापकांशी भांडले. पाणी वर जात नाही, हे त्यांनी मला दोन वेळा समजावून सांगितलं. मी म्हटलं, सर, मला माहीत आहे.

निवृत्त झाले तेव्हा मनाशी ठरवलं, आता जे नाही ते काढणारी माणसं शोधायची. आहे ते काढणारे पुष्कळ आहेत, त्यांना बक्षिसं मिळतात, त्यांच्या तसबिरी बँकेत लागतात. नाही ते काढणाऱ्याला लोक रिकामटेकडा म्हणतात. माझ्या घराची ओसरी चांगली ऐसपैस आहे. दर दिवाळीत तिथं अशा माणसांची कामं मांडायची, फोटो काढून फोनच्या स्टेटसला टाकायचे, येईल त्याला चहा पाजायचा. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "करा. पेन्शन तुमची, ओसरी तुमची, डोकं पण तुमचंच."

पहिला सापडला तो चौसाळ्याचा पेंटर. हायवेच्या कडेला बसून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. मागच्या फळीवर गिऱ्हाईक सांगेल ते काढतो, गुलाब म्हणा, मोर म्हणा, लेकरांची नावं म्हणा. पण फळीच्या आतल्या बाजूला, ट्रॉली भरली की जिथलं काहीच दिसत नाही, तिथं तो स्वतःच्या मनाचं काढतो. पंखांचे रेडे, माशाचं शेपूट लावलेला उंट, ढग नांगरणारा माणूस. मी विचारलं, "अहो, आत काढून काय उपयोग? कोण बघतंय?" तर म्हणतो कसा, "उसाला दिसतंय की, बाई." मला हा माणूस एवढा आवडला की त्याची एक मोडकी फळी मी टेम्पोत घालून घरी आणली आणि ओसरीत उभी केली. गावातली माणसं आली, उंटाकडे वाकून वाकून बघितलं, आणि विचारलं, ट्रॉली कुठं हाय? मग चहा पिऊन गेली. काय बोलावं आता!

अशी मी शोधत हिंडत होते, आणि खरी कलाकार होती माझ्या दारासमोर. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

आमच्याकडे दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव घालतात. वसुबारसेपासून सुरुवात. बायका सकाळी ताजं शेण घेऊन दारापुढं बसतात आणि बोटाएवढ्या बाहुल्या करतात. पाच पांडव, गवळणी, एक दळणारी, एक ताक घुसळणारी, गायी, गोठा. रोज त्यात भर घालायची. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, डोक्यात कुरडूचे तुरे आणि झेंडू. भाऊबीजेला हे सगळं गोळा करून त्याची एक मोठी गोवरी थापायची, वाळवून जपून ठेवायची, आणि माघात रथसप्तमीला ती अंगणात पेटवून तिच्यावर बोळक्यात दूध ठेवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. ज्या घरानं मांडले त्याच घरच्या हातानं उचलायचे, असा रिवाज आहे. घरोघर हेच असतं, म्हणून कोणी कोणाच्या अंगणात निरखून बघत नाही. मीही एवढी वर्षं बघितलं नव्हतं.

एका दिवाळीत फराळाचं ताट द्यायला समोर गेले आणि पाय देता देता थबकले.

"अगं, हे काय?"

"कुत्रं हाय, बाई." त्या पोरीची आई हात शेणानं भरलेले तसेच ठेवून उठली. मी तिला समोरची म्हणते, तेच तिचं नाव माझ्यापुरतं.

"आणि ह्याला चार डोळे?"

"दोन म्होरं, दोन मागं. कोन आलं ते बी दिसाया पाहिजे, कोन गेलं ते बी."

मग मी खालीच बसले. भीम-अर्जुन एका कोपऱ्यात नीट उभे होते, त्यांचा मान त्यांना दिलेला होता, पण बाकी अंगण भरून भलतंच काय काय होतं. सहा हातांची एक गवळण होती. एक हात वेणी घालायला, एक भाकरीला, एक पांघरूण ओढायला, एक पुस्तक धरायला, एक डोळे पुसायला. "आणि सहावा?" मी विचारलं. "सहावा धपाटा घालाया," समोरची म्हणाली. "अभ्यास न्हाई केला तर." पोटाला दार असलेला पक्षी होता, दार उघडून लेकरानं आत बसायचं आणि माय असेल तिथं उतरायचं. आणि सगळ्यात मोठा एक साप, उंबऱ्यापासून निघून तुळशीला वळसा घालून गेलेला, तोंड भलंमोठं उघडं.

"हा चावतो का?"

"न्हाई ओ. त्यो रस्ता गिळतोय. रोज थोडा थोडा. समदा गिळला की कारखानाच हितं येतोय, आमच्या दारात. मंग कशाला जावं लागतंय?"

ती हसत सांगत होती. पोरगी लहान असताना पहिल्यांदा तिला आजीजवळ ठेवून निघाली तेव्हा लेकरानं ट्रकच्या फळीला घट्ट मिठी मारली होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. पुढच्या दिवाळीला हिनं चार डोळ्यांचं कुत्रं केलं आणि पोरीला सांगितलं, मी न्हाई तवा ह्यो हाय. पांडवांची गोवरी झाली की ती भिंतीशी उभी असते, म्हणजे कुत्रं त्यात, गवळण त्यात, समदे त्यात. मग दरवर्षी एकेक राखणदार वाढत गेला. हे ऐकताना मला रडू आलं, ते मी लपवत नाही. पाठोपाठ रागही आला. कोणाचा ते कळेना, म्हणून घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर काढला.

आता मी पडले शिकलेली बाई. शहाणपण सुचल्याशिवाय राहतंय थोडंच! हे टिकवलं पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटीत फेविकॉल पाण्यात कालवून, ब्रश घेऊन समोर गेले आणि कुत्र्याच्या पाठीवरून एक हात मारलाही. समोरची पोट धरधरून हसायला लागली. "अगं माय! पांडवाला फेविकॉल! बाई, माघात दुधाला वास मारंल की ओ!" मी ब्रश तसाच वाटीत टाकून परत आले. ते कुत्रं त्या दिवाळीभर एकटंच चकाकत होतं आणि गल्लीतली पोरं त्याला पॉलिशवालं म्हणत होती.

मग मी फोटोच काढत राहिले. दर दिवाळीला तिच्या अंगणाचे फोटो, जवळून, लांबून, उन्हात. ओसरीत लावले की बायका यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "शेणाचे फोटू काय लावलेत, बाई?" पेंटर मात्र एकदा आला तो सापासमोर बराच वेळ उभा राहिला. जाताना म्हणाला, "ही बाई ट्रॉल्या रंगवत न्हाई ते बरं हाय. माझं गिऱ्हाईक गेलं असतं."

मागच्या शिमग्याच्या सुमाराला ती आजी गेली. चांगली म्हातारी होती, मिश्री लावत दारात बसायची आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. ती गेली आणि समोरच्या घराचं सगळं गणितच बदललं. आता मागं राहणारं कोणी नव्हतं. दिवाळी झाली की दाराला कुलूप लागणार आणि पोरगी आईबापासंगं ट्रकमध्ये चढणार. ती आठवीत होती. आमच्या भागात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आठवीतली पोरगी एकदा उसाच्या फडावर गेली की शाळेत परत येत नाही. एक हंगाम भाकरी करते, दुसऱ्या हंगामात मोळ्या बांधते, तिसऱ्या हंगामात तिच्या लग्नाची बोलणी होतात. उलटा धबधबा काढणाऱ्या पोरीचं असं व्हावं, हे मला सहन होईना.

मी सरळ समोर जाऊन सांगितलं, पोरगी माझ्याकडं राहील. जेवण, झोपणं, अभ्यास, सगळं. समोरचीला एवढं हायसं वाटलं की मलाच अवघडल्यासारखं झालं. तिच्या नवऱ्यानं मान डोलावली. म्हणाला, "पोरगी म्हनंल तसं. वढून न्यायची न्हाई अन् बांधून ठेवायची बी न्हाई."

आणि पोरगी म्हणाली, नाही.

"कावून न्हाई?" मी विचारलं.

"मी मायसंगं जाणार."

"अगं, शाळा?"

"तुमी लई वरडता," ती म्हणाली.

"मी? मी ओरडते?" असं मी ओरडले. गल्लीतल्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. समोरचीनं पदर तोंडाला लावला आणि पोरीनं माझ्याकडे बघितलं, आता तुमीच बगा, अशा नजरेनं.

त्यानंतर सगळा पावसाळा मी तिच्या मागं होते. गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, शेवया करून खाऊ घातल्या. शेवया खायची आणि घरी जायची. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं. आजी होती तेव्हा घर होतं, आता कुलपाच्या घराकडं बघत समोर बसून कोण राहील?  समोरची रात्रंदिवस त्याच काळजीत. तिला पोरीनं शिकावं एवढंच हवं होतं, आणि पोरीला ओढून माझ्या दारात सोडून जायचं धाडस तिच्याच्यानं होत नव्हतं. ट्रकच्या फळीवरची ती बोटं ती विसरली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर एक फोन आला. अंबाजोगाईला चित्रकला शिकवणारे एक सर होते. कोणीतरी पाठवलेले माझे फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेले होते. सापाच्या फोटोवर ते अडकले होते. म्हणाले, "हे आम्हाला बघायचंय, विद्यार्थ्यांना घेऊन पाडव्याला दुपारी येऊ का?" येऊ का म्हणजे काय! मी सगळ्या गल्लीला सांगितलं, पेंटरला सांगितलं, वर्तमानपत्रवाल्यालाही सांगणार होते, पण आमचे हे म्हणाले, दमानं घ्या. समोरचीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

"माझं शेन बगायला अंबाजोगाईवरून मानसं?"

"शेण नाही गं, तुझं काम बघायला."

"बाई, त्यांना चहा तुमच्याकडं द्या. आमच्याकडं कप न्हाईत सारके."

आजीला जाऊन वर्ष झालेलं नव्हतं म्हणून दिवाळी साधीच होती, गोडधोड नाही, आकाशकंदील नाही. पण पांडव घातले, आणि असे घातले की मी रोज सकाळी चहा हातात घेऊन तिकडेच जाऊन बसत होते. साप फाटकापर्यंत आला. कुत्र्याला पिल्लं झाली, प्रत्येकाला चार चार डोळे. एक नवीन बाहुली होती, खाटेवर बसलेली म्हातारी, तोंड उघडं आणि तोंडातून निघालेला आवाज शेणाच्या वळीसारखा लांबच लांब अंगणाबाहेर गेलेला. ती आजी होती. पोरीनं तिला स्वतःच्या हातानं मिश्रीची चिमूट लावली.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. ऊसतोडीची टोळी भाऊबीज करून निघणार होती. पाडव्याला दुपारी सर येणार, भाऊबीजेला पांडव उचलून गोवरी होणार, मग जाणं. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी टोळीच्या मुकादमानं येऊन सांगितलं, कारखान्यानं घाई केली, गाडी उद्या सकाळीच लागेल. सांगून तो पुढच्या घराकडं गेलाही.  दैव देतं अन् कर्म नेतं!

पाडव्याला सकाळी मारुतीच्या पारापाशी ट्रक उभा राहिला. हॉर्नवर हॉर्न. मी तशीच समोर धावले. पत्र्याची पेटी, पिठाची गोणी, चूल, सगळं गाडीत गेलं होतं. नवरा वर चढून सामान रचत होता. पोरीची बॅगही वर गेली होती आणि ती चप्पल घालून फाटकाशी उभी होती. समोरची मात्र अंगणात उकिडवी बसलेली. शेजारी पाण्याची बादली, बाह्या वर केलेल्या. ती पांडव मोडायला बसली होती.

"अगं थांब! दुपारी माणसं येणार आहेत!" मी जवळजवळ किंचाळले.

"मंग काय करू, बाई?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज माझ्यावर चढला. "कुलपाच्या दारापुढं पांडव उभं सोडून जाऊ? उचलनार कोन त्यांला?"

"मी उचलीन उद्या. मी थापीन गोवरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी लई केलं आमच्यासाठी. पर बाई, तुमी ह्या घरच्या न्हाई."

ती हे माझा अपमान करायला म्हणत नव्हती, रिवाज सांगत होती.  तिनं हात पुढं केला आणि पाण्यात बुडवला. पहिल्यांदा कोणाला मोडावं हे तिला ठरवता येत नव्हतं. हात कुत्र्यावर जायचा, तिथून म्हातारीवर, तिथून परत बादलीत. पाराकडून हॉर्न वाजतच होता.

"मी हाय की घरची," फाटकाशी पोरगी म्हणाली.

आम्ही दोघींनी वळून बघितलं.

"मी थांबते. सरांना मी दावते समदं. अन् उद्या मी उचलते." चप्पल काढून ती आत आली. "मोडू नकु, माय. ऊठ."

समोरची सहा महिने ज्या शब्दाची वाट बघत होती तो शब्द आला, आणि तिला उठताच येईना. ती तशीच बसून पोरीला रागवायला लागली. "रोज येनी घालशील का? केस मोकळे सोडून हिंडशील. आंगोळीला पानी तापवून घे. बाईंच्या घरात ताट उचलून ठिवायचं." पोरगी हो, हो म्हणत होती. मग ती माझ्याकडं वळली, "बाई, तिला वरडू नका," म्हणाली आणि रडली. मीही रडले आणि रडता रडता ओरडले की मी कशाला ओरडू, माझी काय दुश्मन आहे का ती! बापानं वरून पोरीची बॅग खाली दिली. तो पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला फळीवरून वाकला, आणि हात पोचला नाही म्हणून परत खाली उतरला.

ट्रक गेला. पोरगी फळीला चिकटली नाही. वळणापर्यंत उभी राहिली, मग येऊन तिनं आईनं ओले करून ठेवलेले अंगणातले डाग सारवले आणि सापाला नवीन झेंडू खोवले.

सर दुपारी आले, सोबत दोन मोटारसायकलींवर विद्यार्थी. गल्ली लोटली होती. कालपर्यंत ज्यांना शेण दिसत होतं त्या सगळ्या बायका नवीन लुगड्यात हजर, कारण अंबाजोगाईचे सर बघतायत म्हटल्यावर काहीतरी असणारच. मी बोलायला घसा खाकरला, पण मला कोणी विचारलं नाही. पोरगी पुढं झाली. तिनं कुत्र्यापासून सुरुवात केली. कोणी पाय चुकून सापावर दिला की, "त्यो खातोय, त्याला खाऊ द्या," म्हणून मागं सारायची. एका विद्यार्थ्यानं म्हातारीच्या तोंडातून निघालेल्या त्या वळीला नदी म्हटलं, तर तिनं त्याला असं झापलं की मला माझाच वर्ग आठवला. "नदी न्हाई. आवाज हाय. माझ्या आजीचा. चौसाळ्यापोतर जायचा."

सरांनी विचारलं, "आणि हे सगळं कोणी केलं?"

"माझ्या मायनं," ती म्हणाली, आणि आईचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. गल्लीतल्या कितीतरी बायकांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी इथं ते लिहीत नाही, पण आमच्या गावात आता ते सगळ्यांना माहीत आहे. पेंटर मागं उभा होता. त्यानं खिशातून खडू काढला आणि अंगणाच्या कडेला, सापाच्या तोंडापुढं, गिळायला म्हणून एक लांब रस्ता काढून दिला.

भाऊबीजेला पोरीनं एकटीनं पांडव उचलले. मी फाटकाच्या बाहेर उभी राहिले, आत गेले नाही. तिनं सगळ्यांना एकत्र मळलं आणि परातीएवढी गोवरी थापून भिंतीला उभी केली. माझ्या घरी आली तेव्हा कोपरापर्यंत शेण होतं, आणि मी म्हटलं, हात धू, तर म्हणाली, बगा, वरडलात.

ती राहिली. भांडणं पुष्कळ झाली. शेपू खायची नाही, दिवा चालू ठेवून झोपायची, गणितात मन नाही. रोज संध्याकाळी मात्र समोरचं कुलूप काढून दिवा लावून यायची, कधी सांगावं लागलं नाही. आईचा फोन आला की सगळ्यात आधी विचारायची, "रस्ता किती राह्यला?" आणि तिकडून उत्तर यायचं, "गिळतोय, गिळतोय."

रथसप्तमीला सकाळी आम्ही तिच्या अंगणात गोवरी पेटवली. बोळकं ठेवलं, दूध ओतलं. शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. आमच्यात दूध पूर्वेला उतू गेलं की वर्ष चांगलं जातं म्हणतात, तेव्हा सगळ्यांचे डोळे बोळक्यावर. माझ्या हातात फोन होता. तिकडं फडात समोरची, डोक्याला फडकं बांधलेली, एका हातात कोयता. मागं कापलेला ऊस आडवा पडलेला. रेंज जात-येत होती. तिचा चेहरा थांबायचा, परत हलायचा.

दूध वर यायला लागलं. पोरगी वाकली, फुंकर घालायला वाकावं तशी, आणि पूर्वेच्या बाजूनं बोळक्याखाली एक खडा हळूच सरकवला. मी बघितलं. मी काही बोलले नाही, आणि माझ्या स्वभावाला ते किती अवघड आहे ते माझं मला माहीत.

दूध मावळतीकडं उतू गेलं.

"अगं अगं, उलटं गेलं की!" शेजारीण म्हणाली.

"जाऊ द्या हो," मी म्हटलं. "एक वर्ष गेलं तिकडं तर काय बिघडतंय?"

पोरीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि जमिनीवरून वाहणाऱ्या दुधावर धरला. "माय, दिसतंय का? तुझ्याकडं आलंय बग."

तिकडं फडात तिनं कोयता खाली ठेवला आणि फोनपुढं ओंजळ धरली.